खाडीचे पाणी आणि तलावातली गर्दी

तुडील हे महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातले गाव. सावित्री महाबळेश्वरावर उगम पावते, पोलादपूर आणि महाड मागे टाकते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. महाडच्या खाली तिची खाडी होते. मग दोन्ही अंगांना भातखाचरे, बांध आणि डोंगराच्या कुशीतली गावे लागतात. शेतकी खात्याच्या कामानिमित्त या भागात तुम्ही आलात, तर एक गोष्ट लक्षात येईल. इथल्या घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईला किंवा आखाती देशांत आहे. पाण्याच्या काठी वाढलेला माणूस पोटासाठी दूर जातो आणि तिथे पाण्याला पारखा होतो.

पूर्वी इथले मूल पोहायला कसे शिके? कमरेला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा आणि काकाने विहिरीत ढकलायचे. खाडीवर जायचे तर आधी पंचांग पाहायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती. आत खाडीत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. पाणी चढून थांबले की पोहायचे, ओहोटी लागली की काठावर यायचे. हे गणित म्हाताऱ्यांच्या तोंडी असे.

आज मुलांना खाडीत उतरवा, असे मी सांगणार नाही. महाड-दासगावच्या बाजूला सावित्रीत मगरी आहेत आणि त्या काठावर ऊन खात पडलेल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. पाणीही पूर्वीइतके स्वच्छ राहिलेले नाही. घरोघर नळ आल्यावर विहिरींचे उपसे थांबले, काहींवर जाळ्या बसल्या. म्हणून शहरात गेलेला आपला मुलगा वयाच्या तिशीत सार्वजनिक तलावाचा पास काढतो. तिथली तऱ्हा मी स्वतः पाहिली आहे.

मुलीकडे मुंबईस गेलो असता डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनाभर अशा एका तलावावर जात होतो. गुडघ्याला पोहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही, असे ते म्हणाले. पाळी पाऊण तासाची. त्यातला बराच वेळ रांगेत आणि अंगावर पाणी घेण्यात जाई. तलाव पंचवीस मीटरचा. एक किलोमीटर पोहायचे तर चाळीस खेपा झाल्या पाहिजेत. पण सलग चार खेपा झाल्या तरी नशीब! मध्येच कोणी आडवा येई. कोणी भिंतीला धरून गप्पा मारी, त्यामुळे वळायला जागा नाही. मागून एखादा तरणा गडी पायाला हात लावी, पुढे एखादे आजोबा संथपणे तरंगत असत. दम लागण्याआधी डोकेच तापायचे.

पण वाचकहो, चिडून काय होणार? आपण शेतकरी माणसे, याचे उत्तर आपल्याच खाचरात आहे. चिखळणीला चार जोते एका खाचरात कशी फिरतात ते आठवा. एकामागे एक, एकाच फेराने. उलट दिशेने कोणी जोत घालत नाही. एखाद्याचे बैल दमले तर तो बांधाशी बाजूला होतो आणि मागच्याला वाट देतो. खाचराच्या मधोमध उभे राहून विडी ओढणाऱ्याला म्हातारा काय म्हणेल, ते मी लिहीत नाही. तलावातली शिस्तही अशीच असते. स्पर्धेच्या मोठ्या तलावातली एक पट्टी अडीच मीटर रुंद, म्हणजे सुमारे आठ फूट. एका कडेने जायचे आणि दुसऱ्या कडेने यायचे ठरले, तर तिच्यात पाच-सहा जण बिनधोक पोहतात. मंद माणसांची पट्टी वेगळी, चपळांची वेगळी. थांबायचे तर भिंतीच्या कोपऱ्यात. पॉवर टिलर आल्यापासून जोते कमी झाली, पण ही रीत आपल्या मुलांना समजावणे सोपे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सार्वजनिक पाण्यावर गर्दी होते, कारण तिथे सगळ्यांना येता येते. ही गोष्ट महाड तालुक्याला कोणी सांगायला नको. 1923 साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, तरी तळ्याचे पाणी प्रत्यक्षात घेता येईना. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. ओंजळभर पाण्यासाठी एवढे करावे लागले. मग आपल्या पट्टीत आणखी दोन माणसे उतरली, तर थोडे सरकून घ्यायला काय हरकत आहे? मात्र सरकणे सर्वांनी पाळले पाहिजे. बायकांची पाळी वेळेवर सुरू होऊ न देणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यांनी तर आधी सरकावे.

आता घरचे सांगतो. 25 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या तारखा महाडकर विसरणार नाहीत. पुराच्या लोंढ्यात आणि दरडीखाली पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही, हे खरे. पण विहिरीत, डोहात, शेततळ्यात पाय घसरतो, तेव्हा चार हात मारता येणे म्हणजे जीव वाचणे. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की फार निसरडा होतो. आत पडलेला पोहणाराही वर चढू शकत नाही. म्हणून तळ्याभोवती कुंपण करा. चारी बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडा. फुगवलेली जुनी ट्यूब काठावर ठेवा. हा खर्च बी-बियाण्याच्या मानाने काहीच नाही.

आणि मे महिन्यात चाकरमानी घरी येतात, तेव्हा पायऱ्यांची, स्वच्छ पाण्याची एखादी विहीर निवडा. दोन जाणती माणसे काठावर बसवा आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता दोन-दोन पोरे कमरेला दोर बांधून पाण्यात उतरवा. पंधरा दिवसांत बहुतेक मुले तरंगू लागतात. पुढे ती शहरात गेली, तर तिथल्या गर्दीतही त्यांचे हातपाय चालतील आणि तुम्हालाही घरी घोर राहणार नाही.