नखांतला शेंदूर

वडील साखर कारखान्यात फिटर होते. अभ्यंगस्नान उरकून बॉयलरवर जात आणि परतताना त्यांच्या नखांत शेंदूर असे. मारुतीच्या अंगावरचाच तो. जवसाच्या तेलात कालवून, ताग गुंडाळलेल्या आट्यांवर चोपडला की सुकून दगड होई. वाफेला फट सापडत नसे. आई मात्र तीनदा हात धुतल्याखेरीज त्यांना चकलीला शिवू देत नसे. शेंदूर म्हणजे शिसे, हे तिला कोणी सांगितले होते, कोण जाणे!

निवृत्तीनंतर त्यांनी केलेले पितळेचे वीतभर वाफेचे इंजिन यंदा मी माळ्यावरून काढले. नातवाला चालवून दाखवायचे होते. सांधे नव्याने बसवणे आले. शेंदूर नकोच, पोर हाताळणार, बोटे तोंडात घालणार. दुकानदाराने टेफ्लॉनची पांढरी पट्टी दिली. २६० अंशांपर्यंत तिला भीती नाही, पण मी ती अगदी पहिल्या आट्यापासून गुंडाळली (घाई, दुसरे काय!) आणि तिची चिंधी सुटून वाफेच्या बारीक भोकात जाऊन बसली. इंजिनाला दोन उचक्या लागल्या आणि ते गप्प झाले.

"आजोबा, पणजोबांना येत होतं ना?" नातू म्हणाला.

शेवटी हवा तुटली की धातूच्या सांध्यात घट्ट होणारा द्रव आणला. दोन किलो दाबाची वाफ सुमारे १३३ अंशांची. तो १५० पर्यंत धरतो. पहिला आटा कोरडा ठेवला, रात्रभर हात लावला नाही.

पाडव्याला चाक फिरले. बॉयलरखालच्या एका सांध्यातून तेवढा थेंब येत होता. तो वडिलांनी बसवलेला, शेंदराचा. तेवढा मी उघडला नव्हता.