वरचा हिशेब

‘देव बघून घेईल’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्या तोंडी ते शोभते; पण बहुधा ऐकू येते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, आणि पुष्कळदा तर नुकसान करणाऱ्याकडूनच! त्या वाक्याची मला चीड आहे. जासईच्या माझ्या आत्याच्या तोंडी मात्र ते निराळे वाटे.

उरण तालुक्यातले हे गाव. नवी मुंबई वसवायची म्हणून १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी लढा उभा राहिला; त्याचे पुढारी दि. बा. पाटील याच गावचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या भागात पोलिसांनी गोळीबार केला; पाच जण गेले. अशा वेळी कोणाचे रक्त तापणार नाही? पण दि. बा. पेशाने वकील. मागणे हक्काचेच राहिले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हुतात्म्यांना अभिवादन करायला जासईत दर जानेवारीला माणसे जमतात.

जमिनीच्या पैशाने घराघरांत मात्र वेगळीच भांडणे लावली. आत्या ऐन तरुणपणी विधवा झालेली. मोबदला आला तो सगळा दिराने उचलला; हिच्या हातावर दमडी ठेवली नाही. ती एवढेच म्हणाली, “वर बसलाय तो बघेल.”

पुढे भूखंडाची वेळ आली. वारसांत आत्याचे नाव होते. तिच्या सहीवाचून दिराचे आणि पुतण्यांचे काम अडले. आळीतल्या बायका म्हणाल्या, “आता सापडलाय कचाट्यात, अडवून धर!” मीही मनातून त्यांच्याच बाजूचा.

आत्याने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आपला वाटा नीट लिहवून घेतला. त्यात एक वीतही कमी चालू दिली नाही. मग सही केली.

“आणि मागचे पैसे?” मी विचारले.

“ते वरच्याकडे. वाटा मागायला मला येतं. शिक्षा करायला येत नाही. त्यात पोरांची घरं कशाला अडवू?”

देवाने पुढे काय केले म्हणाल, तर डोळ्यांना दिसेल असे काहीच नाही. दीर चांगला म्हातारा झाला, आणि नातवंडांच्या गोतावळ्यात झोपेतच गेला. आळीतल्या एकीने आत्याला ते बोलूनही दाखवले. “हिशेब मिटला असं तुला कोणी सांगितलं?” म्हणून आत्या पुन्हा तांदूळ निवडू लागली. दिराच्या बाराव्याचे होते ते.