शिखर राहिलं!

मुलांनो, "महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?" असं मी वर्गात विचारलं, की चौथीची सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "कळसूबाई! १६४६ मीटर!" एकदा मात्र एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, तुम्ही चढलात का हो?"

मी गप्प! इतकी वर्षं फळ्यावर हा आकडा लिहीत होते, पण त्या डोंगराला पाय लावला नव्हता. "दिवाळीच्या सुट्टीत जाते आणि शिखरावरून फोटो काढून आणते," मी कबूल केलं.

सुट्टी लागली. माझ्या भावाकडे एक जुनी व्हॅन आहे. मागची बाकं काढून त्यानं फळ्यांचा पलंग केलाय. शेजारी छोटी शेगडी, पाण्याचा कॅन आणि डबे ठेवायला खोका. झालं फिरतं घर! आम्ही तिघं, म्हणजे आमचे हे, धाकटी लेक आणि मी, ते घर घेऊन निघालो. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यानं बारी गावात पोहोचलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं हे गाव अगदी कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. रात्री गाडीतच झोपलो.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. पण लेकीचा पाय मुरगळला होता, त्यामुळे दोघं गाडीतच थांबणार होती. त्यांच्यासाठी पोहे, मग चहा, मग आणखी एकदा चहा. निघायला साडेआठ वाजले. ही माझी पहिली चूक. "तीनपर्यंत खाली येते. नाही आले तर गावात सांगा," असं बजावून मी एकटीच निघाले.

सुरुवातीला लख्ख ऊन होतं. भातशेतं पिकून पिवळी झाली होती, बांधाबांधावर सोनकीची फुलं डुलत होती. तासाभरानं धुकं आलं आणि पुढची वाट दिसेना. पुन्हा ऊन, मग दोन मिनिटं भुरभुर. कड्यापाशी लोखंडी शिड्या लागल्या. एकेक पायरी चढत मी वर सरकले. खाली घामानं भिजलेली मी, वर आल्यावर स्वेटर शोधू लागले. उंचावर हवा थंड होत जाते, हजार मीटरला साधारण सहा अंशांनी. हे मी वर्गात शिकवते, पण त्या दिवशी ते माझ्या दातांना कळलं!

शेवटच्या शिडीअलीकडे एक विहीर आहे. तिथं पोहोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. शिखर समोर दिसत होतं. तेवढ्यात पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढलं. परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला होता. या दिवसांत सकाळच्या उन्हानं जमीन तापते, दमट हवा डोंगरउतारावरून वर चढते, थंड होते आणि दुपारी गडगडाटी ढग जमतात.

वीज चमकली. मी मोजायला लागले : एक, दोन, तीन... बाराला गडगडाट ऐकू आला. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांत एक किलोमीटर. वीज फक्त चार किलोमीटरवर होती!

सरबत विकणारे एक आजोबा घाईघाईनं आपली ताडपत्री गुंडाळत होते. म्हणाले, "ताई, आता शिडीला हात नका लावू. आमी बी खालीच चाललो."

मन म्हणत होतं, थोडंसंच तर राहिलंय. वर्गाला काय सांगू? पण खालच्या लोखंडी शिड्या अजून उतरायच्या होत्या. उशीर केला असता, तर नेमकी वीज डोक्यावर असताना मी शिडीवर असते. मी पाठ फिरवली.

शेवटची शिडी उतरले आणि पाऊस कोसळला. आता मोजणी नवावर आली होती. झाडाखाली थांबावंसं वाटलं, पण विजेत झाड धोक्याचं. घसरत, धडपडत आजोबांच्या मागोमाग गावात पोहोचले. गाडीचं दार उघडं धरून हे उभेच होते. आत शिरले, काचा लावल्या. व्हॅनला पत्र्याचं छप्पर आणि चहूबाजूंनी पत्रा असतो. वीज पडली तरी ती बाहेरच्या बाहेर पत्र्यातून जमिनीत जाते. धातूच्या भागांना हात न लावता आम्ही बसून राहिलो. शेवटचा गडगडाट झाल्यावरही अर्धा तास हललो नाही.

शाळा उघडली. "बाई, फोटो?"

"नाही गं. शिखर राहिलं." मी सगळी हकीकत सांगितली. वाटलं, मुलं हसतील. पण त्याच मुलीनं पाटी काढली. "बाई, बारा भागिले तीन चार. नऊ भागिले तीन तीन. म्हणजे वीज एक किलोमीटर जवळ आली! बरं झालं फिरलात."

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. पहाटे सहाला निघेन. पोहे आदल्या रात्रीच करून ठेवणार!