पिंगळ्याचा डोळा

"रंग छान आलाय हो, पण याचा डोळा कुठाय?" टीव्हीवरच्या शिंजिराकडे बघत हिने विचारलं. मी उठून जवळ जाऊन पाहिलं. चोचीपुढची पाकळी अगदी स्वच्छ होती, तिच्यावरचा दवाचा थेंबसुद्धा दिसत होता. पक्षी मात्र पाण्यात पडलेल्या सावलीसारखा.

पक्षी बघण्याची हौस मूळ हिची. पुण्यात असताना रविवारी पहाटे पाषाण तलाव नाहीतर कवडीपाट ठरलेलं. मी फक्त स्कूटर आणि डबा सांभाळायला. निवृत्तीनंतर आम्ही मुलीकडे बंगळूरला जयनगरात राहायला आलो आणि त्याच वर्षी हिचे गुडघे गेले. पुढे हात थरथरू लागले, दुर्बीण स्थिर धरता येईना. म्हणून मुलीने मला कॅमेरा घेऊन दिला. मी लालबागेत जायचं, पक्षी 'आणायचे' आणि दुपारच्या चहाबरोबर टीव्हीवर मोठे करून हिला दाखवायचे, असं ठरलं. पहिले चार महिने मी जे काही आणलं, त्याला पक्षी म्हणायला हिची तयारी नव्हती.

जयनगरहून लालबाग मेट्रोचं दुसरं स्टेशन. हैदरअलीने १७६० मध्ये या बागेची सुरुवात केली. आता ती २४० एकरांवर पसरली आहे. लोक पुष्पप्रदर्शनाच्या वेळी काचघर बघायला गर्दी करतात. पण पक्ष्यांसाठी यायचं तर सकाळी सातच्या आत, तेही डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा दक्षिणेकडच्या तळ्यावर धुक्याचा पातळ थर असतो, पाणकावळे पंख पसरून उन्हाची वाट बघत बसतात आणि झाडांतून कुटुर्ग्यांची 'कुटुर कुटुर' चालू असते. फिरायला आलेली मंडळी मात्र आठ वाजले की एमटीआरच्या इडलीकडे वळतात, त्यांचं लक्ष पक्ष्यांकडे कमीच.

एका दुकानदाराने माझे फोटो पाहून दीड लाखाची लेन्स सुचवली होती. मी जवळजवळ मुदत ठेव मोडायला निघालो होतो. तेवढ्यात लालबागेतच एका बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. गळ्यात माझ्यापेक्षाही जुना कॅमेरा. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे दहाबारा फोटो पाहिले, मोठे करून पाहिले आणि कन्नड-हिंदीच्या मिसळीत म्हणाले, "सर, लेन्स ठीक है. कण्णु, कण्णु मुख्य." कण्णु म्हणजे डोळा. पक्ष्याचा डोळा नीट आला तर शेपटी थोडी पुसट झाली तरी चालते. डोळा पुसट आणि बाकी सगळं स्पष्ट, तो फोटो वाया गेला म्हणायचा.

मग त्यांनी माझा कॅमेरा मागून घेतला आणि मी चार महिने काय चुकत होतो ते दहा मिनिटांत दाखवलं. फोकस कुठे करायचा हे मी कॅमेऱ्यावर सोडलं होतं. कॅमेऱ्याला पक्षी कळत नाही. त्याला जवळची, ठसठशीत वस्तू कळते. म्हणून माझ्याकडे बंगळूरच्या काटक्यांचा आणि पाकळ्यांचा उत्तम संग्रह झाला होता! फोकसचा एकच बिंदू निवडायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा. आता पक्ष्याचा डोळा स्वतः शोधणारे नवे कॅमेरे आले आहेत, पण मधे फांदी आली की तेही कधीकधी फसतात.

यामागचं गणित कळल्यावर मी थक्क झालो. माझी लेन्स ३०० मिलिमीटरची. ती पूर्ण लांबवून, छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर ५.६ ठेवून चार मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी जेमतेम चार सेंटीमीटर भरते. शिंजीर तसा इवलासा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे दहा सेंटीमीटर. म्हणजे तो तोंड माझ्याकडे करून बसला, तर सगळा कधीच स्पष्ट येणार नाही. एक तर काय स्पष्ट हवं ते आपण ठरवायचं, नाहीतर तो आडवा होईपर्यंत थांबायचं. मी थांबायला शिकलो.

दुसरी चूक फोकसच्या पद्धतीची. मी बटण अर्धं दाबून फोकस 'पकडून' ठेवायचो आणि तेवढ्यात वाऱ्याने फूल हलायचं, फुलाबरोबर पक्षीही. फोकस जुन्याच जागी. अशा वेळी सतत जुळवत राहणारा फोकस लागतो. निकॉन आणि सोनीत त्याला 'एएफ-सी' म्हणतात, कॅननमध्ये 'सर्वो'. आणि शटरचा वेग! लेन्समध्ये हाताची थरथर शोषणारी सोय आहे म्हणून मी निर्धास्त होतो. ती सोय माझा हात स्थिर करते, पक्ष्याला नाही. फांदीवर शांत बसलेल्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग, शिंजिरासाठी हजारावा आणि उडत्या घारीसाठी दोनहजारावा, असं मी आता धरून चालतो. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत थोडे रवाळ कण येतात. येऊ देत. कण चालतात, हललेला फोटो चालत नाही.

ते काका रोल वापरण्याच्या काळातले. ३६ फोटो झाले की रोल संपला, फोकस हाताने कडं फिरवून. याच शहरातल्या टी. एन. ए. पेरुमल यांनी तसंच काम करून जगभर नाव मिळवलं. सांडूरच्या मराठा राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकचे अर्थमंत्री होते, पण वन्यजीवांच्या कृष्णधवल फोटोंसाठीही ओळखले जात. हे घरी सांगितल्यावर ही म्हणाली, "म्हणजे ऑटोफोकस नसताना त्यांना डोळा सापडायचा!" टोमणा बरोबर लागला.

एक गोष्ट मात्र काकांनाही आधी कळली नव्हती. मला व्ह्यूफाइंडरमधून सगळं किंचित धुरकट दिसायचं. मोतीबिंदू सुरू झाला असं समजून मी मनातून घाबरलो होतो आणि घरात बोललो नव्हतो. एकाला दुर्बीण धरता येत नाही, दुसऱ्याचेही डोळे गेले, तर आमच्या चहाच्या वेळेचं काय? काकांनी डोळा लावला आणि हसले. व्ह्यूफाइंडरशेजारी डायॉप्टरचं छोटं चाक असतं, ते पिशवीत घासून फिरलं होतं. त्याने फोटो बिघडत नाही, पण फोकस झाला की नाही ते आपल्याला समजत नाही. आतली अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवायचं, बस्स. तुम्हीही एकदा तपासून बघा.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं, मोतीबिंदूच्या भीतीसकट. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीकडून जुन्या पायजम्याचा पाय कापून मशीनवर शिवून घेतला, त्यात दोन किलो वाळलेले वाटाणे भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "बाकाच्या पाठीवर ठेवा आणि वर लेन्स टेकवा. तुमचाही हात काही फार स्थिर नाही."

जानेवारीतल्या एका सकाळी त्या पिशवीवर लेन्स टेकवून मी एका जुन्या झाडाच्या ढोलीसमोर बसलो. ढोलीच्या तोंडाशी पिंगळा ऊन खात होता. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगला पक्षी नाही, दिवसा तासन्‌तास एका जागी बसतो. फोटो मोठा यावा म्हणून मी बाक सोडून चार पावलं पुढे गेलो, तर त्याने मान खालीवर झुलवायला सुरुवात केली. अस्वस्थ झाला की तो असं करतो, हे हिनेच पुण्यात शिकवलेलं. मी मागे आलो, पुन्हा बाकाशी बसलो. फोटोत तो लहान येणार होता, पण ढोलीत परत गेला असता तर काहीच मिळालं नसतं. पंधरा मिनिटांनी तो शांत झाला. मी एकच बिंदू त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला, श्वास सोडला आणि बटण दाबलं.

दुपारी चहा गार होत होता. ही पुढे वाकून टीव्हीकडे बघत राहिली. पिवळ्या बुबुळाभोवतीची बारीक पिसं, काळ्या बाहुलीत आभाळाचा पांढरा ठिपका.

"बघतोय माझ्याकडे," ती म्हणाली. मग कप उचलून, "उद्या कुटुर्गा आणा. पानांत लपलेला चालणार नाही हं."