दोस्तांचं पुस्तक

लग्नाचा अल्बम आमच्याकडे घरोघरी असतो. बारशाचा असतो, मुंजीचा असतो. दोस्तांचा अल्बम मात्र मी कुणाच्याच घरी पाहिलेला नाही. ज्यांच्याबरोबर पंचगंगेत पोहायला शिकलो, ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून सगळं कोल्हापूर पालथं घातलं, त्यांचे फोटो फोनमध्ये असतात आणि फोन बिघडला की जातात. म्हणून ठरवलं, आमच्या पोरांचं एक पुस्तक करायचं. तेही हातानं.

फोटो होते. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या नावानं खेळला जातो. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियम दणाणून जातं. आम्ही गल्लीतले खेळाडू, पण वेड तेच. काकांचा जुना फिल्म कॅमेरा हाती आला तेव्हापासून मी मैदानाच्या कडेला बसून पोरांना टिपत आलो. रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी नीट बघायची सवय लागली.

निगेटिव्ह स्कॅन करताना मला हात दिसायला लागले. जवळजवळ प्रत्येक फोटोत कुणाचा ना कुणाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, मानेत, केसांत. नंतरच्या, लग्नसमारंभांतल्या फोटोंत तीच पोरं ताठ उभी आहेत, हात खिशात. कुणी आम्हाला तसं सांगितलं नव्हतं. मिशी आली, नोकरी लागली आणि खांद्यावरचे हात निघाले. पुस्तक कशाबद्दल आहे, ते तिथं कळलं.

छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या ‘सेंट अ लेटर’नं मला धीर दिला. २००८ साली आलेल्या त्या संचात कापडी डबीत सात छोट्या, घड्या उलगडत जाणाऱ्या पुस्तिका आहेत. मुळात अशा पुस्तिका त्या मित्रमंडळींसाठी हातानं करायच्या. एक प्रत मित्राला, एक स्वतःला. पुस्तक एका माणसासाठीही असू शकतं, हे मला फार पटलं.

बांधणी शिकवली आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरमामांनी. “आदी कागद कुठं वळतोय ते बघ,” ते म्हणाले. तंतूंच्या दिशेनं घडी घातली तर कागद निमूट वळतो. आडवी घातली तर घडीवर तडकतो आणि फोटोची शाई उडते. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. दोऱ्याला मेण लावायचं, टोच्यानं घडीवर भोकं पाडायची, मग सुई.

चार कागद एकात एक घातले की सोळा पानांचा फर्मा होतो. त्यात पहिलं आणि सोळावं पान एकाच कागदावर येतं. म्हणून पहिल्या पानावर एका मित्राचा पोरपणाचा फोटो घेतला, सोळाव्यावर त्याच मित्राचा आजचा. दोन पानांवर पसरलेला फोटो अखंड बसतो तो फक्त मधोमध, आठव्या-नवव्या पानांवर. गळ्यात गळा घातलेल्या जोड्या मी तिथंच ठेवल्या. दोरा नेमका त्या दोघांच्या मधून जातो आणि फर्मा धरून ठेवतो.

एक फोटो ठेवायचा की नाही, हे मला ठरवता येईना. फायनल हरल्यावर आमचा गोलकीपर सेंटर फॉरवर्डच्या खांद्यावर डोकं टेकून रडतोय. फॉरवर्डचा चिखलानं भरलेला हात त्याच्या मानेवर. गोलकीपर आता एका मुलाचा बाप आहे. त्यालाच विचारलं. बराच वेळ फोटो बघून तो म्हणाला, “ठेव भावा. पोराला दाखवायचाय.”

शिलाईला सगळ्यांना घरी बोलावलं. ज्याची प्रत त्यानं शिवायची. सतरंजीवर गोल करून बसलो, मान खाली, हातात सुई. तासाभरानं बोलणं सुरू झालं. एकाचा धंदा बसला होता, ते त्यानं दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यानं वडील गेल्यावरच्या रात्रींबद्दल सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर दोघांनीही “मजेत” म्हणून विषय संपवला असता. पुरुषांचे हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बाजारातून बांधून आणलं असतं तर पुस्तक अधिक सुबक झालं असतं, पण हे बोलणं झालं नसतं. तरण्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: फोनमधले दोस्त कागदावर आणा, आणि शिवायला त्यांनाच बसवा. तुमची पोरं तुमच्याकडूनच शिकणार आहेत की पुरुषानं मित्राच्या खांद्यावर डोकं टेकलं तर चालतं.