फळीवरचं अर्थकारण

गडचिरोलीत लोकसभेचं मतदान १९ एप्रिल २०२४ ला झालं, तेव्हा मोहफुलांची वेचणी सरत आली होती आणि तेंदूपत्त्याला अजून अवकाश होता. हात आखडता असण्याचेच दिवस. तरी गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं, राज्यात सर्वाधिक. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी याची थोडी लाज बाळगायला हरकत नाही.

महागाई नि विकासदराच्या आकड्यांवरून निकालाचा अर्थ लावणारे लेख मी आवडीने वाचतो. पण इथल्या घराचं अर्थकारण फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता संकलन केंद्रावर ठरतं. मे महिन्यात पहाटेच अख्खं घर जंगलात शिरतं. पानं तोडून आणायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर ठेकेदाराच्या मुंशीला मोजून द्यायचे. काम जेमतेम पंधरवड्याचं, पण बियाणं, पोरांचे गणवेश, लग्नाची उधारी, सगळी भिस्त त्यावर. २०१७ साली जीएसटी आला नि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला. ठेकेदार बोली लावतानाच तो हिशेबात धरणार, हे उघड होतं.

मग दर पडला की राग कुणावर काढायचा? गडचिरोलीतल्याच लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपणच विकला. तसाच तेंदूपत्त्याचा लिलाव जिथे ग्रामसभाच करते तिथे जाबही आधी ग्रामसभेलाच विचारला जातो. दिल्ली आपसूक सुटते.

पोट सगळंच ठरवतं, असंही नाही. २०१९ मध्ये काँग्रेसला महाराष्ट्रात एकच जागा मिळाली, ती चंद्रपूरची. कोळसा, सिमेंट, वीज असलेला हा जिल्हा काही राज्यातला सर्वांत गांजलेला नव्हता. उमेदवार, जात, स्थानिक नाराजी यांचंही वजन असतंच.

जून २०२४ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. नोव्हेंबरच्या विधानसभेत मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या. मधल्या काळात बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार घालणारी ‘लाडकी बहीण’ योजना आली. ‘बायका दीड हजारांत विकल्या गेल्या’ हे त्यानंतर चहाच्या टपरीवर ऐकू येणारं वाक्य मला निव्वळ हलकट वाटतं. वेतन आयोगावर खूश झालेल्या बाबूला कुणी विकला गेला म्हणत नाही. शिवाय मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, धानाची कापणी-मळणी चालू होती. खरेदी केंद्रावर धान घालायचं, मग चुकाऱ्यांची वाट बघायची, हे सगळं पुढेच होतं. बाईच्या स्वतःच्या खात्यात मात्र जुलैपासूनचे साडेसात हजार जमा झालेले होते.