तीन पायांचा मोत्या

मोत्याचा मागचा उजवा पाय एका मोटारीखालीं चिरडला आणि डॉक्टरांनीं तो मांडीपासून काढून टाकला. संमतीच्या कागदावर सही केली ती मीं. त्या सहीचें ओझें मनावर घेऊनच मीं त्याला घरीं आणलें.

घरांतील गुळगुळीत फरशी एवढी वैरीण होईल असें कधीं वाटलें नव्हतें. बैठकीपासून अंगणापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या. पहिले कांहीं दिवस पोटाखालून पंचा घालून त्याला उचलून धरावें लागे. गळ्यांतील प्लॅस्टिकचें नरसाळें दाराला अडके, तेव्हां तो माझ्याकडे असा पाही, कीं जणूं हाही माझाच अपराध!

एका रात्रीं तो कण्हूं लागला. माझा हात आमच्या औषधांच्या पेटीकडे गेला. परंतु माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतूं शकतात हें आठवून मीं तो मागें घेतला, आणि डॉक्टरांनाच फोन केला.

कुत्रा आपल्या देहाचा सुमारें ६० टक्के भार पुढच्या पायांवर तोलतो, म्हणून मागचा पाय गेलेला त्या मानानें लवकर सावरतो, असें ते म्हणाले. मला तें पटेना. पत्नी मात्र म्हणाली, "अहो, पांगळा तुम्हीच त्याला समजतां. त्याच्या तें गांवींही नाहीं."

बाराव्या दिवशीं टांके काढले. त्याच संध्याकाळीं फाटकाशीं सायकलची घंटा वाजली आणि मोत्या सतरंजी सोडून थेट फरशीवरून धांवला. मधोमध घसरून पडला. मी लगबगीनें उठलों. पण मी पोंचण्यापूर्वींच तो फाटकाशीं उभा राहून टपालवाल्यावर भुंकत होता.